ग्रीन डेचं 'डूकी' वाजवायला घेतलंय पण सूर लागंना, त्यात बेसवाला रुसलाय (सांगली)

हळद_गोदाम:
नमस्कार मंडळी. आम्ही तिघं सांगलीत इंजिनिअरिंगला आहोत, गिटार आणि गाणं मी, प्रॅक्टिस मित्राच्या काकांच्या हळदीच्या गोदामात (ड्रमवर काठी पडली की पिवळा धुरळा उठतोय, खोटं सांगत नाही). गॅदरिंगला दोन गाणी मिळालीत, प्रत्येकी चार मिनिटं. मला ग्रीन डे ह्या अमेरिकन पंक बँडच्या डूकी अल्बममधलं बास्केट केस घ्यायचंय. पण रेकॉर्ड लावून सोबत वाजवलं की सगळं बेसूर, कॉर्ड बरोबर आहेत, ट्यूनर पण सगळ्या तारा हिरव्या दाखवतोय, आणि वरच्या जागेला माझा घसा फाटतोय ते वेगळंच. दुसरं म्हणजे बेसवाला म्हणतोय डूकी हा कंपनीचा माल आहे, खरा बँड त्याआधीच्या कर्प्लंक अल्बमपर्यंतच, मोठ्या लेबलकडं (रेकॉर्ड कंपनीकडं) गेले आणि विकले गेले, वाजवायचंच तर जुनं वाजवू नाहीतर मी येत नाही. पंधरा दिवस राहिलेत, काय सांगू ह्याला?

मिरजेचा_पेटीवाला:
भावा ट्यूनर बरोबर हाय, तूच चुकलायस. त्यांनी सगळ्या तारा अर्ध्या सुरानं उतरवल्यात. पेटीच्या भाषेत सांगायचं तर गाणं काळी दोनमध्ये आणि तू बसलायस पांढरी तीन धरून, मग कसं जमणार. सहाच्या सहा तारा अर्धा सूर उतरव, बोटं आहेत तिथंच ठेव, बेसवाल्याला पण उतरवायला लाव (रुसवा सोडल्यावर). घशाला पण तेवढाच आराम. नुसतं एक कर, उतरवल्यावर पहिले दोन-तीन दिवस तारा सारख्या हलत्यात, दर गाण्यानंतर लावून घे. माझ्या गिटारीचा ब्रिज मी मिरजेत एका सतारवाल्या काकांकडून घासून घेतला होता, ते म्हणाले जवारी (सतारीची झणझण) पण काढून देऊ का. नको म्हटलं बाबा.

भडंग_पार्सल:
बेसवाला अगदीच चूक नाही हां. कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या ज्या गिलमन स्ट्रीटवरच्या क्लबात हे वाढले तिथला नियमच होता, मोठ्या लेबलशी सही केली की इथं वाजवायचं नाही. ह्यांनी रिप्रीजशी म्हणजे वॉर्नरवाल्यांशी सही केली आणि तो दरवाजा बंद झाला, परत तिथं वाजवायला २०१५ उजाडलं. स्वतःच्या गल्लीतल्या मंडळानं वर्गणी नाकारावी तसं ते.

जुना_हॉस्टेलकर:
मी तुमच्यापेक्षा बराच थोरला, ही रेकॉर्ड मला पुण्याच्या मित्रानं कोऱ्या कॅसेटवर भरून दिली होती, तेव्हा ड्रम आणि हिस्स असा दोन्हीचा आवाज सारखाच यायचा तरी वेड लागलं होतं. तर बेसवाल्याशी वाद घालू नकोस, त्याला एक काम दे. वेलकम टू पॅराडाइज हे गाणं कर्प्लंकवर पण आहे आणि डूकीवर पण आहे. दोन्हीत माणसं तीच तिघं, गाणं-गिटार बिली जो, बेस माइक डर्न्ट, ड्रम ट्रे कूल (ट्रे कर्प्लंकच्या आधी आला, त्याआधी ड्रमला दुसराच होता). म्हणजे गाणं तेच, हात तेच, बदललं ते फक्त लेबल. हेडफोन लावून दोन्ही पाठोपाठ ऐक म्हणावं आणि मग सांग कंपनीनं नेमकं काय विकत घेतलं. मला विचारशील तर चाल नाही बदलली, शब्द नाही, वेग पण फार नाही. गिटार रुंद झाली, बेस वेगळा ऐकू यायला लागला आणि ड्रमचा मार छातीवर येतो. बस. पैशानं वेळ मिळाला रे, बर्कलीच्याच फँटसी स्टुडिओत निर्माता रॉब कव्हॅलोनं साधारण तीन आठवड्यांत रेकॉर्ड केलं, पहिलं मिक्स (सगळ्या वाद्यांचे आवाज एकत्र जुळवणं) पसंत पडलं नाही म्हणून परत मिक्स केलं. छोट्या लेबलवर दुसऱ्या मिक्सचे पैसे कोण देतंय? त्या मिक्सला जेरी फिन होता, त्यानंच पुढं १९९९ला ब्लिंक-१८२ ह्या बँडचं एनिमा ऑफ द स्टेट केलं, त्यामुळं तो चकचकीत पॉप-पंक आवाज कुठून आला ते पण कळतं. आणि १ फेब्रुवारी १९९४ला आलेली रेकॉर्ड, चौदा गाणी, सगळी मिळून चाळीस मिनिटांच्या आत. अमेरिकेतच एक कोटीच्या वर खपली हे खरं, पण खपली म्हणून खोटी हा कुठला न्याय. पॅनिक अटॅकवर गाणं लिहिलंय बिली जोनं, ते बास्केट केस, कंपनीनं सांगून असलं कोण लिहीत नाही. आणि बेसवाल्यानं लाँगव्ह्यू ऐकलंय का नाही? अख्खं गाणं बेसच्या खांद्यावर आहे, त्याला तर ही रेकॉर्ड देव्हाऱ्यात ठेवायला पाहिजे.

जाता जाता, नावाचा अर्थ (डूकी म्हणजे शी) गॅदरिंगच्या फॉर्मवर लिहू नका. मूळ नाव लिक्विड डूकी ठेवायचं चाललं होतं, टूरवरच्या शिळ्या खाण्यानं पोट बिघडायचं त्यावरून. सरांनी विचारलं तर बँडचं नाव सांगा फक्त.

भडंग_पार्सल:
@जुना_हॉस्टेलकर मुद्दा मान्य. तरी कर्प्लंकचा तो कच्चा आवाज मला जास्त आवडतो, ते काय जात नाही.

हळद_गोदाम:
पेटीवाले दादा, अर्धा सूर उतरवला, लागलं की एकदम! घसा पण वाचला. बेसवाल्याला दोन्ही पॅराडाइज ऐकवले, तो आधी अर्धा तास काहीच बोलला नाही, मग म्हणाला ड्रम बरा वाटतोय. म्हणजे हार मानली का काय कळंना. पण येतोय, आणि दुसरं गाणं तेच घ्यायचं ठरलं. आता भांडण असं की मधला नुसत्या वाजवण्याचा भाग मला कापायचाय, चार मिनिटं ओलांडली की माईक बंद करणार म्हणालेत.

मिरजेचा_पेटीवाला:
तो भाग कापू नको रे, तिथंच तर बेसवाल्याला लोक बघणार. दोन गाण्यांच्या मधलं तुझं भाषण काप.