वाचनालयातलं कुलूपबंद कपाट

वाचकपक्ष
काल इथे कुणीतरी लिहिलं, "वादग्रस्त पुस्तकं वाचनालयाने कुलपात ठेवावीत, मागेल त्याला द्यावीत. ही काही बंदी नव्हे." अहो, हे बंदीपेक्षा वाईट! पुस्तक जप्त करायचं तर सरकारला कारणांसह अधिसूचना काढावी लागते (पूर्वी फौजदारी प्रक्रिया संहितेचं कलम 95, आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं 98). दोन महिन्यांत उच्च न्यायालयात जाता येतं. जेम्स लेन यांच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकाच्या जप्तीचा आदेश मुंबई उच्च न्यायालयाने 2007 मध्ये रद्द केला, 2010 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. कार्यवाहांच्या खिशातल्या किल्लीविरुद्ध कुठे जायचं?

समितीवाला
त्याच पुस्तकावरून पुण्याच्या भांडारकर संस्थेत 2004 साली जमावाने काय नासधूस केली, विसरलात? ड वर्गाच्या, म्हणजे सगळ्यात खालच्या श्रेणीच्या वाचनालयात एकटा ग्रंथपाल असतो. जमाव आला तर तुम्ही येणार का आडवे?

दाखलनोंद
एका कपाटाचं काय घेऊन बसलात? निम्म्या वाचनालयांत सगळीच कपाटं बंद आहेत. वाचकाने चिठ्ठी द्यायची, आतून पुस्तक येणार. ज्याचं नावच ऐकलेलं नाही ते पुस्तक तो मागणार कसा? मुक्तद्वार करा, वाचकाला स्वतः कपाटातून पुस्तक निवडू द्या.

समितीवाला
म्हणजे पुस्तकं गेलीच! तपासणीत तूट निघाली की भरपाई ग्रंथपालाच्या पगारातून.

दाखलनोंद
ती भरपाईच चूक आहे. केंद्राच्या वित्तीय नियमावलीत (2017, नियम 215) दर हजार देवघेवींमागे पाच पुस्तकं गहाळ होणं रास्त धरलंय, अप्रामाणिकपणा किंवा हलगर्जी नसेल तर. हजार रुपयांवरचं किंवा दुर्मीळ पुस्तक गेलं तर मात्र चौकशी. वीस हजारांपर्यंत ग्रंथ असतील तर दरवर्षी पूर्ण मोजणी.

समितीवाला
तो नियम केंद्राच्या कार्यालयांना. आम्ही महाराष्ट्राच्या 1967 च्या सार्वजनिक ग्रंथालय कायद्याखालचे अनुदानित. नियम फेकण्याआधी कुणाला लागू आहे ते तरी बघा!

दाखलनोंद
बंधनकारक नाही, मान्य. पण तेच प्रमाण ठरावाने स्वीकारायला कार्यकारी मंडळाला कोण अडवतं? आणि जातात ती स्पर्धा परीक्षांची पुस्तकं, नाहीतर त्यांची पानं ब्लेडने कापली जातात. तेवढी दोन कपाटं देवघेवीच्या टेबलासमोर आणा, बाकीची उघडा.

वाचकपक्ष
मूळ मुद्दा राहिला बाजूला. पुस्तकावरचा आक्षेप तोंडी घ्यायचाच नाही. अर्जावर नाव, पत्ता, पान क्रमांक आणि पुस्तक पूर्ण वाचलंय का, हे हवं. मंडळाच्या दोघांनी ते वाचून कारणांसह निर्णय इतिवृत्तात लिहायचा. तोवर पुस्तक मांडणीवर, तालिकेतली (ग्रंथांच्या यादीतली) नोंदही जागेवर. नोंद काढली की पुस्तक आहे हेच वाचकाला कळत नाही.

समितीवाला
लेखी अर्जाचं ठीक, घेऊ. पण पुस्तक मांडणीवर राहणार असेल तर पोलीस ठाण्याला आधी पत्र जाईल, आणि त्यावर सही तुमचीही लागेल.