रुमानियातील डोग्नेचा: खाणीसाठी आलेली जर्मन माणसे कुठे गेली?

माणदेशी (विटा):
नमस्कार. आमची तिसरी पिढी गलाईच्या, म्हणजे सोने-चांदी गाळून शुद्ध करण्याच्या, धंद्यात असून दोन्ही चुलते आणि थोरले बंधू त्रिशूरला असतात. धातूच्या मागे माणसे कुठवर जातात याचे मला त्यामुळेच कुतूहल आहे. रुमानियाच्या नैऋत्येकडील बनात प्रांतात डोग्नेचा नावाचे डोंगरातले गाव आहे आणि तेथे पूर्वी जर्मन खाणकामगारांची मोठी वस्ती होती, असे वाचले. ही माणसे तेथे कशी पोहोचली आणि खाणी संपल्या म्हणूनच ती निघून गेली का? शिवाय तेथील ‘कोमूना’ म्हणजे आपली ग्रामपंचायतच का?

अजिंक्यतारा (सातारा):
शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो. कोमूना ही आपल्या गट ग्रामपंचायतीच्या जवळची व्यवस्था आहे. डोग्नेचाच्या कोमूनात डोग्नेचा आणि कालिना ही दोन गावे येतात, निवडून आलेला प्रमुख कारभार पाहतो आणि वर काराश-सेवेरिन हा जिल्हा आहे.

साताऱ्यात शाहू महाराजांचे राज्य होते त्या काळात, १७१८ च्या तहाने, बनात तुर्कांकडून ऑस्ट्रियाच्या हाब्सबुर्ग घराण्याकडे गेला. तेथील तांबे, शिसे आणि लोखंड काढायला जाणती माणसे हवी होती, म्हणून व्हिएन्नाच्या दरबाराने स्टायरिया, टिरोल अशा आपल्याच डोंगरी मुलखांतून कुटुंबेच्या कुटुंबे आणून वसवली. सपाटीवरचे जर्मन शेतकरी वेगळे आणि हे डोंगरातले जर्मन वेगळे, हा भेद आजही पाळला जातो.

मात्र केवळ खाणी संपल्या म्हणून ते गेले, हे मला मान्य नाही. जानेवारी १९४५ मध्ये रुमानियातील सुमारे सत्तर हजार जर्मनवंशीयांना सोव्हिएत संघात सक्तमजुरीसाठी नेण्यात आले. त्यासाठी पुरुषांना १७ ते ४५ आणि स्त्रियांना १८ ते ३० अशी वयोमर्यादा होती, म्हणजे घरातील कर्ती माणसेच गेली आणि मागे म्हातारी माणसे व लेकरे उरली. पुढे १९६७ ते १९८९ या काळात पश्चिम जर्मनीने रुमानियाच्या कम्युनिस्ट सरकारला माणशी पैसे मोजून सव्वादोन लाखांहून अधिक लोकांना बाहेर काढले. सरकारने आपल्याच नागरिकांचे मोल घ्यावे, हे वाचताना आजही अंगावर काटा येतो. १९८९ च्या क्रांतीत ते सरकार पडले, सीमा खुल्या झाल्या आणि १९९० या एका वर्षात एक लाखाहून अधिक लोक गेले. १९३० साली देशात सुमारे साडेसात लाख जर्मन होते, २०२१ च्या जनगणनेत ते तेवीस हजारांच्या आत आले.

वारणाकाठ (शिराळा):
मी भूगर्भशास्त्र शिकवतो, म्हणून दगडाची बाजू मांडतो. तेथे तप्त शिलारस चुनखडीत घुसला आणि दोहोंच्या संपर्कात खनिजे तयार झाली. त्या शिलारसापासून झालेल्या खडकांना कोट्टा या जर्मन शास्त्रज्ञाने १८६४ मध्ये ‘बनाटाइट’ हे नाव दिले. शेजारच्या ओक्ना दे फिएर, म्हणजे शब्दशः ‘लोखंडाची खाण’, या गावी १८७४ मध्ये लुडविगाइट हे खनिज प्रथम ओळखले गेले. त्याचा तुकडा हातात घेतला तर काळपट हिरव्या, सुईसारख्या बारीक तंतूंचे झुबके दिसतात. डोग्नेचाचे तलावही निसर्गाने केलेले नाहीत. खाणउद्योगाला पाणी हवे म्हणून ते बांधून काढलेले आहेत. आता त्यांपैकी एकात कमळे फुलतात आणि लोक ती पाहायला जातात.

माणदेशी (विटा):
दोघांचेही मनापासून आभार. चुलत्यांच्या दुकानात मूस भट्टीवर असते तेव्हाही बोलणे गावच्या यात्रेचेच चालते आणि यात्रेला ते न चुकता येतात. सक्तीने नेलेल्यांना किंवा पैसे मोजून सोडवलेल्यांना तशी वाट उरली होती का?

अजिंक्यतारा (सातारा):
१९८९ पूर्वी परतणे फार अवघड होते. देश सोडताना बहुतेकांना घर सरकारच्या हवाली करावे लागे. त्यानंतर मात्र पुष्कळ जण उन्हाळ्यात येतात आणि दफनभूमीतील आपल्या माणसांच्या कबरी साफ करून जातात. जर्मनीत त्यांची गावोगावची मंडळे आहेत. त्याच डोंगरात, आनिना शहरालगत, श्टायरडोर्फ ही वस्ती आहे. १७७३ साली स्टायरियातून आलेल्या लाकूडतोड्यांनी ती वसवली, आणि नावाचा अर्थ ‘स्टायरियाकरांचे गाव’ एवढाच आहे.

माणदेशी (विटा):
चुलत्यांच्या दुकानाच्या पाटीवरही आमच्या गावाचेच नाव आहे. आज रात्री त्यांना फोनवर हे सगळे वाचून दाखवतो.