प्रेशर कुकरमध्ये मटण-राजम्याची चिली: तळ करपतो आणि राजमा कच्चाच राहतो

गुरुजी, आर्वी तालुका

सर्वांना नमस्कार. माझी लेक टेक्सासमधील सॅन अँटोनियो या शहरात राहते. गेल्या हिवाळ्यात तिच्याकडे दोन महिने राहून आलो, तेव्हा तेथील चिली हा पदार्थ मला मनापासून आवडला. नावावरून मिरचीची चटणी वाटावी, पण हा प्रत्यक्षात बीफचा दाट रस्सा आहे. मांसाचे बोराएवढे तुकडे किंवा जाडसर खिमा, वाळलेल्या लाल मिरचीचा गर, भरपूर जिरे, लसूण आणि कांदा असा त्याचा साधा संसार असतो. १९७७ मध्ये टेक्सासने चिलीला राज्याचा अधिकृत पदार्थ म्हणून मान्यता दिली. तेथील जुन्या वळणाचे लोक तिच्यात राजमा अजिबात घालू देत नाहीत, परंतु लेकीच्या घरी राजमा घातलेलीच होते आणि मला तीच करायची आहे.

आपल्याकडे गोवंशाच्या मांसाचा प्रश्न येत नाही, म्हणून मी बोकडाचे मटण घेतले. लेकीने लिहून दिलेली कृती विजेच्या प्रेशर पॉटसाठी आहे: दोन पौंड मांस, राजम्याचे दोन डबे, टोमॅटोचा एक डबा, एक कप पाणी आणि पस्तीस मिनिटे. मी सगळे निम्मे करायचे ठरवले. अर्धा किलो मटण, रात्रभर भिजवलेला पाव किलो राजमा, चार टोमॅटो आणि एक कप पाणी असे पाच लिटरच्या कुकरमध्ये घालून बारा शिट्या केल्या. झाकण उघडले तेव्हा तळ कोळसा झालेला होता, राजमा दाताखाली कचकन वाजत होता आणि वरच्या मटणालाही करपट वास लागलेला होता. दुसऱ्या वेळी तीन कप पाणी घातले. तळ वाचला, पण रस्सा पाणचट झाला आणि राजमा तरीही पोटात कच्चाच राहिला. संक्रांतीला लेक येणार आहे. माझे नेमके कोठे चुकते आहे, हे कोणी जाणकार सांगेल का?

काटोलची सून

गुरुजी, नमस्कार. आपण कृती निम्मी केली, पण राजमा निम्मा झाला नाही. तो अडीचपट झाला. अमेरिकेतील कृतीत राजम्याचा डबा म्हटले की तो शिजवलेला राजमा असतो. तेथील नेहमीचा डबा ४२५ ग्रॅमचा असतो. त्यातले पाणी गाळले की सुमारे अडीचशे ग्रॅम शिजलेला राजमा हाती येतो आणि तो कोरड्या राजम्याच्या हिशेबाने जेमतेम शंभर ग्रॅम भरतो. दोन डब्यांचे निम्मे म्हणजे एक डबा, म्हणजेच आपल्याला शंभर ग्रॅम कोरडा राजमा पुरेसा होता. आपण पाव किलो घातला, आणि रात्रभर भिजलेला असला तरी तो शिजताना आणखी पाणी पितोच. आपले एक कप पाणी तिकडेच गेले.

राजमा कच्चा राहण्याचे कारण वेगळे आहे. टोमॅटोच्या आंबटपणात कडधान्याची साल आणि आतला गर लवकर मऊ होत नाही, कारण दाण्याच्या पेशींना एकमेकींशी बांधून ठेवणारे पेक्टिन आंबट पाण्यात सहज विरघळत नाही. त्यात आपल्या भागातल्या बोअरचे पाणी जड असते आणि त्यातले कॅल्शियम तेच पेक्टिन आणखी घट्ट करते. आमच्या घरी पूर्वी तुरीची डाळसुद्धा बोअरच्या पाण्यात तासभर शिजत नसे. सासूबाई डाळीपुरते पाणी जुन्या विहिरीवरून आणायच्या. आता गावात आरओच्या पाण्याची कॅन मिळते, तेच पाणी मी राजमा भिजवायला आणि शिजवायला वापरते. ते मिळत नसेल, तर भिजवण्याच्या पाण्यात पाव चमचा खायचा सोडा घालावा आणि सकाळी ते पाणी टाकून द्यावे. जुना राजमा मात्र सोड्यालाही दाद देत नाही. आपल्या उन्हाळ्यात पत्र्याच्या डब्यात वर्षभर पडून राहिलेल्या राजम्यात गणंग दाणे फार निघतात, म्हणून किराणा दुकानदाराला नव्या मालाचा राजमा विचारून घ्यावा.

तळ करपण्याचे मूळ मात्र शिट्यांत आहे. विजेच्या पॉटमधून शिजताना वाफ जवळजवळ बाहेर पडत नाही, म्हणून त्या कृतीत एक कप पाणी भागते. आपला कुकर प्रत्येक शिट्टीला वाफ सोडतो आणि ती वाफ म्हणजे आपण घातलेले पाणीच असते. बारा शिट्या मोठ्या आचेवर झाल्या, तर दाट रश्श्यात तळाशी ओलावा उरत नाही. चिलीसाठी मी शिट्या मोजणे सोडून दिले आहे. पहिली शिट्टी झाली की गॅस अगदी बारीक करते आणि घड्याळात वेळ पाहते. शिट्टीच्या तोंडाशी नुसते सूं सूं ऐकू येत राहिले, म्हणजे आच बरोबर आहे असे समजावे.

राजमा आणि मटण सुरुवातीपासून एकत्र शिजवू नये, हे माझे सर्वांत महत्त्वाचे सांगणे आहे. राजमा स्वच्छ पाण्यात, टोमॅटो न घालता, पहिल्या शिट्टीनंतर बारीक आचेवर पंधरा मिनिटे शिजवून बाजूला ठेवावा. मटण मसाल्यासह वेगळे शिजवावे. नंतर दोन्ही एकत्र करून झाकण न लावता पंधरा-वीस मिनिटे रटरटू द्यावे. चिलीला दाटपणा या उघड्या उकळीतच येतो, बंद कुकरमध्ये नाही.

परतवाड्याचा

काटोलच्या ताईंनी सांगितलेले सर्व योग्य आहे. मी फक्त मांसाविषयी लिहितो. राज्यात २०१५ पासून गाईबरोबर बैल आणि वळू यांच्या कत्तलीलाही बंदी आहे, पण म्हशीच्या मांसाला तशी बंदी नाही. आमच्या घरी ते पिढ्यान्‌पिढ्या खाल्ले जाते आणि मी चिली त्याचीच करतो, कारण चव आणि धागा या दोन्ही बाबतींत मूळच्या बीफला तेच सर्वांत जवळचे आहे. ज्यांच्या घरी चालत नाही, त्यांनी बोकडाचे घेतले तरी पदार्थ उत्तम होतो. मात्र कोवळ्या बोकडाचे मटण दीर्घ शिजवणीत विरून जाते, म्हणून थोडे जून मटण मागावे, खांद्याचा भाग घ्यावा आणि हाड काढून सुपारीपेक्षा थोडे मोठे तुकडे करून घ्यावेत. खिमा हवा असेल, तर मशीनमधला घेऊ नये. खाटकाला सत्तूरने जाडसर करून द्यायला सांगावे, कारण बारीक खिम्याचा कुकरमध्ये लगदा होतो आणि तोच तळाला जाऊन बसतो.

खांद्याच्या भागात पांढरे पडदे आणि शिरा बऱ्याच असतात. लोक त्या काढून टाकायला सांगतात, पण चिलीसाठी त्या असू द्याव्यात. कुकरच्या उष्णतेत त्या विरघळतात आणि रश्श्याला ओठांना चिकटणारा दाटपणा देतात. वेळेचे म्हणाल, तर बोकडाच्या जून मटणाला पहिल्या शिट्टीनंतर पंचवीस मिनिटे आणि म्हशीच्या मांसाला चाळीस मिनिटे लागतात. विजेचे पॉट साधारण दर चौरस इंचाला दहा ते बारा पौंड दाबावर चालतात. आपला शिट्टीचा कुकर पंधरा पौंडांपर्यंत जातो आणि आत सुमारे १२१ अंश सेल्सियस उष्णता होते, त्यामुळे तेथील पस्तीस मिनिटे येथे जशीच्या तशी लावू नयेत.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगतो. मांस परतल्यावर भांड्याच्या तळाला जो तपकिरी थर चिकटतो, तो अर्धा कप गरम पाणी घालून उलथन्याने पूर्ण खरवडून सोडवावा आणि मगच झाकण लावावे. करपण्याची सुरुवात त्या थरापासूनच होते. टोमॅटो त्यानंतर वरून घालावेत आणि ढवळू नयेत, म्हणजे जड गर खाली न बसता तळाशी पातळ पाणीच राहते.

गुरुजी, आर्वी तालुका

ताई, भाऊ, आपण दोघांनी माझ्या दोन्ही फजित्यांचे कारण उलगडून दाखवले. डब्यातला राजमा शिजलेला असतो, हे मी लेकीच्या स्वयंपाकघरात डोळ्यांनी पाहिले होते, तरीही माझ्या ध्यानात आले नाही. आता मिरचीविषयी विचारतो. तिच्याकडे तयार चिली पावडर होती. येथे साधे तिखट घातले तर चव अगदीच निराळी लागली. राजम्याऐवजी आपली बरबटी, म्हणजे चवळी, चालेल का, हेही कृपया सांगावे.

भिवापूर रोड

गुरुजी, तेथील चिली पावडर म्हणजे नुसते तिखट नसते. सौम्य मिरचीच्या पुडीत जिरे, लसूण आणि ओरेगॅनो मिसळलेले असते, म्हणून ती चमच्या-चमच्याने घालता येते. त्या मापाने आपले तिखट घातले, तर पदार्थ तोंडात घेववणार नाही. आमच्या भिवापूरच्या मिरचीला भौगोलिक मानांकन आहे आणि तिच्या तिखटपणाचा मला अभिमान आहे, पण चिलीला मिरचीचा गर भरपूर लागतो आणि तो केवळ भिवापुरीचा करता येत नाही. अर्ध्या किलो मटणाला सहा ब्याडगी आणि दोन भिवापुरी घ्याव्यात. देठ आणि बिया काढून मिरच्या तव्यावर केवळ सुगंध सुटेपर्यंत शेकाव्यात; काळ्या पडल्या तर कडवटपणा येतो आणि तो पुढे कशानेही जात नाही. नंतर अर्धा तास गरम पाण्यात भिजवून, सहा-सात लसूण पाकळ्या आणि दीड चमचा भाजलेले जिरे घालून बारीक वाटाव्यात. हे वाटण कांद्याबरोबर तेल सुटेपर्यंत परतले, की घरभर जो वास पसरतो, तो आपल्या रश्श्याच्या वासापेक्षा स्पष्टपणे वेगळा असतो.

खोबरे, खसखस, दगडफूल आणि गरम मसाला यांना येथे पूर्ण मज्जाव करावा. सावजी मटण मला जिवापाड आवडते, पण हे मसाले पडले की चिली राहत नाही, राजमा घातलेला सावजी रस्सा होतो. ओरेगॅनो नसेल, तर ओव्याची एक चिमूट चुरडून घालावी; दोघांचा वास बराच जवळचा आहे. दाटपणा कमी वाटला, तर तेथे मक्याचे पीठ लावतात. आपण एक चमचा ज्वारीचे पीठ कोरडे भाजून पाण्यात कालवून घालावे. मात्र हे पीठ कुकरचे झाकण काढल्यावरच घालावे. बंद कुकरमध्ये पीठ गेले, तर ते तळाला लागतेच, शिवाय उसळून शिट्टीचे छिद्रही बुजवू शकते.

सिस्टर, गोंदिया जिल्हा

बरबटी अवश्य चालेल, आणि ती लवकरही शिजते. भिजवलेली बरबटी पहिल्या शिट्टीनंतर सात-आठ मिनिटांत होते. परंतु राजम्याविषयी येथे कोणी न लिहिलेली एक गोष्ट मला लिहिलीच पाहिजे. लाल राजमा अर्धा कच्चा खाणे केवळ दातांना त्रासाचे नाही, ते अपायकारक आहे. त्यात लेक्टिन वर्गातले एक विषारी प्रथिन असते आणि चार-पाच कच्चे दाणेसुद्धा एक ते तीन तासांत जोरदार मळमळ, उलट्या आणि नंतर जुलाब होण्यास पुरेसे ठरतात. आमच्याच घरी एकदा सिलिंडर संपला, म्हणून राजम्याचे पातेले चुलीच्या निखाऱ्यांवर रात्रभर ठेवले होते. पाणी कोमट-गरम राहिले, पण उकळले नाही. सकाळी दाणे मऊ लागले म्हणून मुलांना वाढले आणि दहाच्या सुमारास तिन्ही मुले ओकू लागली. मी स्वतः परिचारिका असून माझ्या हातून हे झाले, याची टोचणी अजून आहे.

उकळीपेक्षा कमी उष्णतेवर दीर्घकाळ ठेवलेल्या राजम्याचा अपाय कच्च्यापेक्षाही वाढू शकतो. राजमा किमान पाच तास भिजवावा, ते पाणी फेकून द्यावे आणि नव्या पाण्यात किमान दहा मिनिटे खळखळून उकळावा; मी स्वतः अर्धा तास उकळते. कुकरमध्ये पुरता शिजलेला राजमा निर्धास्त खावा. शिजला की नाही हे बोटाने दाबून पाहावे, दाणा लोण्यासारखा चेपला पाहिजे. गुरुजींनी आधीच्या दोन्ही वेळचा राजमा खाल्ला नसेल, अशी आशा करते.

कुकर अर्ध्यापेक्षा जास्त भरू नये, आणि दाब आपोआप उतरेपर्यंत थांबावे. दाट रश्श्याच्या कुकरची शिट्टी चिमट्याने उचलली, तर वाफेबरोबर उकळता गरही बाहेर उडतो. तशा भाजण्याच्या केस मी दवाखान्यात पाहिल्या आहेत.

गुरुजी, आर्वी तालुका

सिस्टर, पहिल्या वेळचे सर्व टाकून दिले होते; दुसऱ्या वेळी मात्र चार घास खाल्ले होते आणि त्या दुपारी पोट ढवळले होते. मी दोष मटणाला दिला होता.

काल रविवारी तिसऱ्यांदा केली. शंभर ग्रॅम राजमा आरओच्या पाण्यात भिजवून वेगळा शिजवला. दाणा बोटांत चेपून पाहिला, तेव्हा साल बाजूला सरकून आतला पांढरा गर बोटाला लागला. मटणाचे तुकडे तीन वेळा थोडे थोडे करून परतले, तळाचा थर खरवडला आणि टोमॅटो वरून घालून पंचवीस मिनिटे घड्याळ लावले. दाब उतरायला आणखी पंधरा मिनिटे गेली. झाकण उघडले तेव्हा रस्सा पातळ दिसला म्हणून मन खट्टू झाले होते, पण राजमा घालून वीस मिनिटे उघडे उकळल्यावर तो डावाच्या पाठीला धरू लागला. ज्वारीचे पीठ लावावेच लागले नाही. कुकर रिकामा केल्यावर तळ स्वच्छ, चकचकीत होता.

लेकीला व्हिडिओ कॉलवर वाटी दाखवली. तिने रंग पाहून मिरची कोणती, हे विचारले. भिवापूरच्या भाऊंचे नाव सांगितले असून, ती परत जाताना अर्धा किलो मिरची बरोबर नेणार आहे. वाळवून, देठ काढलेली चांगली मिरची येत्या पंधरवड्यात कोठे मिळेल, तेवढे कृपया कळवावे.

भिवापूर रोड

गुरुजी, नव्या तोड्याची मिरची आमच्या अंगणात वाळायला घातलेली आहे. देठ खुडून, कोरड्या कापडात बांधून संक्रांतीच्या आधी आर्वीच्या एस. टी.ने पाठवतो. त्यातल्या थोड्या मिरच्या आपण घरी ठेवून घ्याव्यात.