रविवारच्या सभेआधी: गच्चीवरचं सोलर

सचिव (ए-३०२): नमस्कार मंडळी. रविवारी सकाळी १० वाजता क्लबहाउसमध्ये आपल्या सोसायटीची विशेष सभा आहे. विषय एकच, कॉमन मीटरसाठी (लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे) गच्चीवर २५ किलोवॅट सोलर. तीन कोटेशन आली आहेत, मधलं साडेतेरा लाखांचं. शंका इथेच मांडा, म्हणजे सभेत निर्णयाला वेळ मिळेल.

सी-५०१: सरकारचं सगळं सोलर शेतकऱ्यांसाठी चाललंय. त्यांना वीज माफ, आम्ही बिलं भरायची, आणि वर गच्चीपण द्यायची? मला पटत नाही.

बी-७०४: काका, जरा लांब लिहितोय, पण वाचा. माझा थोरला भाऊ जुन्नर तालुक्यात शेती करतो. कांदा आणि थोडा ऊस. शेतीची थ्री फेज लाईट, म्हणजे ज्यावर पंप चालतो ती, आठवड्यातले काही दिवस रात्रीच यायची. पौषातल्या थंडीत मध्यरात्री बॅटरी घेऊन दारं धरायला जायचं, आणि शेजारी उसात बिबट्या. तो घरी येईपर्यंत वहिनी ओट्यावर जागी असायची. दिवसा कारखाने, ऑफिसं, आपण सगळेच वीज ओढतो, म्हणून पंपांचा भार रात्रीवर टाकलेला. आपली दिवसाची सोय त्याच्या रात्रीच्या जिवावर होती, हे मला पुण्यात राहून उशिरा कळलं.

मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना नेमकं हेच बदलायला आहे. २०१७ साली सुरू झाली, २०२३ मध्ये दुसरा टप्पा आला, आता लक्ष्य १६,००० मेगावॅटचं आहे. सबस्टेशनच्या जवळपास छोटे प्रकल्प उभे करायचे आणि ती वीज तिथल्याच शेतीच्या फीडरला, म्हणजे पंपांना वीज नेणाऱ्या लाईनला द्यायची. ऊन असेल तेव्हा पंप चालतात, लांबून वीज आणताना तारांमध्ये जी वाया जाते ती वाचते. दुसऱ्या टप्प्यातला पहिला प्रकल्प २०२४ मध्ये छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातल्या धोंदलगावला चालू झाला, ३ मेगावॅटचा. ही वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. आजवर शेतीची स्वस्त वीज कारखान्यांच्या आणि आपल्यासारख्या वरच्या स्लॅबवाल्यांच्या बिलातून भागवली जात होती. तिचा खर्चच कमी झाला तर आपल्यावरचा बोजाही उतरू शकतो.

डी-२०३: दादा, हे सगळं खरं, पण माझ्या माहेरी गायरानावर पॅनल लागायचं चाललंय. खाजगी जमीन दिली तर मालकाला हेक्टरी वर्षाला सव्वा लाख भाडं. गायरानाचं भाडं कोणाला मिळणार? तिथे मेंढरं चारणाऱ्याला काय?

बी-७०४: ताई, याचं समाधानकारक उत्तर माझ्याकडे नाही. ग्रामपंचायतीला तीन वर्षं वर्षाला ५ लाख मिळतात, पण ज्याची चार मेंढरं आहेत त्याच्या हातात त्यातलं काही पडत नाही. तुम्ही म्हणता म्हणूनच मी गच्चीसाठी भांडतोय. आपल्या गच्चीवर कोणाची गुरं चरत नाहीत. लिफ्ट, पाण्याचे पंप, जिन्यातले दिवे आपले, तर त्यांच्यापुरतं ऊन आपल्याच डोक्यावरचं घ्यावं. शहरानं आपला भार जेवढा उचलला, तेवढं एखादं गायरान वाचेल.

ए-११०२: माझा फ्लॅट गच्चीच्या खाली. दोन पावसाळे बेडरूममध्ये बादली ठेवलीय. अजून भोकं पाडली तर?

सचिव: काकू, आधी वॉटरप्रूफिंग, मगच स्ट्रक्चर. स्लॅबला ड्रिल करायचं नाही, काँक्रीटचे ठोकळे ठेवून त्यावर पाय बसवायचे. कोटेशनमध्ये लिहून घेतलंय.

सी-५०१: पैसे किती सुटणार ते सांगा.

सचिव: एक किलोवॅट दिवसाला साधारण ४ युनिट देतं. २५ किलोवॅटचे महिन्याला ३,००० च्या आसपास, पावसाळ्यात बरेच कमी. आपला वापर ३,६०० युनिट, गेलं बिल ६१ हजार. पीएम सूर्यघर योजनेत सोसायटीच्या कॉमन वापरासाठी किलोवॅटला १८,००० अनुदान आहे, म्हणजे साडेचार लाख. उरले नऊ लाख. सरासरी महिन्याला ३५ हजार वाचले तरी दोन-सव्वादोन वर्षांत निघतात. पॅनल भारतीय बनावटीच्या सेलचेच हवेत, नाहीतर अनुदान नाही. योजना २०२६-२७ पर्यंतच आहे, म्हणून घाई करतोय.

बी-९०३: ३० किलोवॅटच घ्या ना मग.

सचिव: नको. नेट मीटरिंगमध्ये, म्हणजे आपण ग्रिडला दिलेली वीज बिलातून वजा होते त्या पद्धतीत, जास्तीचे युनिट पुढच्या महिन्यात वळते होतात, पण ३१ मार्चला उरलेल्यांचे फार कमी पैसे मिळतात. वापराच्या आतच राहायचं.

ए-११०२: लाईट गेल्यावर लिफ्ट चालेल ना?

सचिव: नाही काकू. ग्रिड, म्हणजे बाहेरची लाईट गेली की सोलरचा इन्व्हर्टर आपोआप बंद होतो (हा घरातल्या बॅटरीवाल्या इन्व्हर्टरसारखा नाही), नाहीतर खांबावर काम करणाऱ्या वायरमनच्या जिवाला धोका. जनरेटर ठेवावाच लागेल.

सी-५०१: आणि रात्री? सगळं राज्य सोलरवर गेलं तर रात्री कोळसाच ना?

बी-७०४: आज बराचसा हो. पण दिवसाची वीज पाण्यात साठवता येते. घाटघरला २००८ पासून २५० मेगावॅटचा प्रकल्प तसाच चालतो, खालच्या धरणातलं पाणी वर चढवायचं आणि गरजेच्या वेळी खाली सोडून वीज करायची. आपल्याच जिल्ह्यात मावळात शिरवत्याला १,८०० मेगावॅटचा ठरलाय. ते उभं राहायला वर्षं लागतील, काका. गच्चीचं काम दोन महिन्यांत होतं.

सी-५०१: भावाकडे आता कधी येते लाईट?

बी-७०४: दिवाळीनंतर त्याचा फीडर सौरवर गेला. सकाळी नऊला मोटर चालू करतो. वहिनीचा फोन आला होता, म्हणाली आता रात्री झोप लागते.

सी-५०१: बरं. रविवारी येतो. पण टाकीची आणि लिफ्टच्या खोलीची सावली कुठवर पडते ते कोणी मोजलंय का? एका पॅनलवर सावली आली तर आख्खी ओळ मंदावते असं ऐकलंय.

डी-२०३: मी आज तीन वाजता वर जाऊन खडूनं रेघ मारते आणि फोटो टाकते. उद्या सकाळी नऊची रेघ कोणीतरी मारा.

सी-५०१: नऊची मी मारतो. गच्चीची किल्ली वॉचमनकडे ठेवा.