ॲप्टने उतरवलेली पॅकेजेस जपून ठेवायची, की दर वेळी नव्याने आणायची?

मास्तर_दांडियाबाजार
आमच्या संस्थेची १८ कॉम्प्युटरची लॅब आहे, सगळीकडे डेबियन १२ ही लिनक्स प्रणाली. मागच्या महिन्यात दुरुस्तीला आलेल्या मुलाने मुख्य मशीनची डिस्क मोकळी करताना ॲप्ट-गेट क्लीन चालवलं. ॲप्ट म्हणजे डेबियनमध्ये सॉफ्टवेअर आणून बसवणारं साधन, आणि हा आदेश त्याने उतरवलेल्या फाइली पुसतो. मी वर्षभर जमवलेल्या सगळ्या डेब फाइली, म्हणजे सॉफ्टवेअरची पॅकेजेस, गेल्या. तो म्हणाला, "सर, तो कचरा होता, पुन्हा डाउनलोड होतं." मला हे अजिबात पटलेलं नाही.

हिशोब करा. एका मशीनचं अपडेट ३०० एमबी धरलं तर १८ मशीनचं जवळपास साडेपाच जीबी होतं. तीच फाइल अठरा वेळा कशाला आणायची? दुसरं, मिररवर, म्हणजे पॅकेजेस जिथून येतात त्या सर्व्हरवर, बहुधा चालू आवृत्तीच ठेवतात. अपडेटनंतर प्रिंटर बंद पडला तर मागची आवृत्ती कुठून आणणार? ॲप्टच्या आर्काइव्ज फोल्डरात पडून असली तर पाच मिनिटांत परत बसते.

आणि हे आपल्या बडोद्याला शिकवावं लागू नये. १९१० साली सयाजीरावांनी अमेरिकेहून बॉर्डन यांना ग्रंथालयांची व्यवस्था लावायला आणलं. पुढे संस्थानातल्या गावोगावी पुस्तकांनी भरलेल्या पेट्या जाऊ लागल्या. वाचक शहरात येऊ शकत नव्हता, म्हणून पुस्तक त्याच्या गावी गेलं. मी पाद्रा, सावलीकडच्या शाळांना पॅकेजेस भरून पेनड्राइव्ह देतो ते हेच काम समजून. माझं म्हणणं एवढंच की प्रत्येक संस्थेने स्वतःचा साठा ठेवावा आणि तो कुणीही कचरा म्हणून पुसू नये.

मकरपुरा_सर्व्हररूम
सर, तुमच्या कामाबद्दल आदर आहे, पण साठ्याबद्दल तो मुलगा बरोबर होता. पुसण्याआधी विचारायला हवं होतं, ही गोष्ट वेगळी.

डेबियनमध्ये भरवसा कुठून येतो ते बघा. डिजिटल सही असते मिररवरच्या 'रिलीज' फाइलवर. तिच्यात 'पॅकेजेस' यादीचा हॅश (फाइल बदलली की बदलणारा ठसा) असतो आणि त्या यादीत प्रत्येक डेबचा हॅश. ॲप्ट ही साखळी तपासतं. सुट्या डेब फाइलीवर सहसा सही नसतेच. पेनड्राइव्हवरून डीपीकेजी-आय या आदेशाने थेट बसवता तेव्हा ही साखळी कुणी तपासत नाही. मधे कुणाच्या मशीनवर ती फाइल बदलली गेली असेल तर तुम्हाला कळणारही नाही.

आणि जुनेपणाचं काय? १ जुलै २०२४ ला ओपनएसएसएच या दुरून मशीन वापरायच्या सॉफ्टवेअरमधली सुरक्षेची मोठी चूक जाहीर झाली. डेबियन १२ मधली ९.२ आवृत्तीसुद्धा त्यात सापडली होती. दुरुस्ती लगेच आली, पण जूनमध्ये भरलेल्या पेनड्राइव्हमध्ये ती कशी येणार? तो पेनड्राइव्ह डिसेंबरमध्ये फिरत असेल तर तुम्ही शाळेला भोक पडलेलं सॉफ्टवेअर देताय. लॅबमध्ये ॲप्ट-कॅशर-एनजी लावा, तो आणलेल्या पॅकेजची प्रत जपून ठेवतो. पहिलं मशीन मागेल तेव्हा फाइल बाहेरून येईल, बाकी सतरांना घरातूनच मिळेल, आणि प्रत्येक मशीन सही स्वतः तपासेल. तुमचे साडेपाच जीबी तिथेच वाचतात.

पाद्र्याची_शिक्षिका
दादा, कॅशर लॅबमध्ये ठीक आहे. आमच्या शाळेत सहा मशीन आहेत आणि नेट म्हणजे माझा मोबाइल. ओपनएसएसएच सर्व्हर आम्ही बसवलेलाच नाही, मशीन बाहेर कशाशी जोडलेलीही नाहीत. मग त्या चुकीचा धोका आम्हाला नक्की कुणाकडून? मुलांना लिब्रेऑफिस, जीकॉम्प्री, टक्सपेंट मिळालं ते सरांच्या पेनड्राइव्हमुळेच. "नव्याने आणा" हे सल्ला देणाऱ्याला सोपं वाटतं, कारण त्याच्या खोलीत वायर आलेली असते.

एक तक्रार मात्र सरांकडेच आहे. मागच्या खेपेला अर्धी पॅकेजेस बसली नाहीत. अमुक हवं, तमुक हवं असं सांगत राहिलं. मुलं समोर बसलेली आणि मी स्क्रीनकडे बघत उभी.

मास्तर_दांडियाबाजार
ताई, ती चूक माझी आणि तिचं कारण मला उशिरा कळलं. मी डाउनलोड-ओन्ली (फक्त उतरव, बसवू नको) लावून फाइली उतरवल्या, पण माझ्याच लॅपटॉपवर. ॲप्ट त्या मशीनवर जे नाही तेवढंच आणतं. माझ्याकडे जी लायब्ररी, म्हणजे सॉफ्टवेअरला लागणारं पूरक पॅकेज, आधीच बसलेली होती ती त्याने सोडून दिली, आणि तुमच्याकडे नेमकी तीच नव्हती. नुसतं ॲप्ट-गेट डाउनलोड वापरलं असतं तर आणखी फसलो असतो. ते फक्त मागितलेलं पॅकेज आणतं, त्याला लागणारं बाकीचं काहीच नाही.

आता मी कोरं डेबियन टाकलेलं मशीन वेगळं ठेवलंय. त्याच्यावरच उतरवतो.

कलाभवन_तिसरंवर्ष
सर, दोन गोष्टी. ॲप्ट-गेटऐवजी नुसता ॲप्ट हा आदेश वापरलात तर इन्स्टॉल झाल्यावर तो डेब फाइली आपोआप काढून टाकतो. ॲप्ट-गेट ठेवतो. त्यामुळे कुणी क्लीन चालवलं नाही तरी साठा अर्धवटच राहतो. कायम ठेवायचंच असेल तर फाइली वेगळ्या फोल्डरात कॉपी करा. आणि जागाच करायची असेल तर ऑटोक्लीन आहे, ते मिररवरून गेलेल्याच फाइली काढतं.

पण मुळात मागच्या आवृत्तीसाठी घरी साठा कशाला? डेबियनचं स्नॅपशॉट नावाचं ऑनलाइन भांडार आहे. २००५ पासूनची पॅकेजेस तारखेनुसार मिळतात. ते जे सांभाळतात ते आपल्याला एका हार्डडिस्कवर जमणार नाही.

मास्तर_दांडियाबाजार
बाळा, ऑटोक्लीन जे काढतं तेच तर मला हवं असतं! मिररवरून गेलेली आवृत्तीच माझ्या कामाची.

स्नॅपशॉट मला माहीत आहे आणि ते चालवणाऱ्यांचे उपकार आहेत. पण ते दूर कुठे आहे म्हणून इथे काही ठेवायचं नाही, हे मान्य नाही. आमच्याकडे दोन मशीन जुन्या ३२-बिट प्रोसेसरची आहेत. २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ ला त्यांच्यासाठी इन्स्टॉलरच नाही. ती दोन मशीन आता डेबियन १२ वरच राहणार, आणि त्यांचा पूर्ण संच माझ्या कपाटात असणार.

मकरपुरा_सर्व्हररूम
३२-बिटचं मान्य, तिथे संच ठेवाच. ताई, नेट नसलेल्या मशीनचा धोका कमी, हेही खरं. पण पेनड्राइव्ह सहा मशीनमध्ये फिरतो, मुलं आपापले पेनड्राइव्ह लावतात, त्यामुळे फाइल बदलली जाण्याचा प्रश्न उरतोच.

सर, पेटीचं उदाहरण तुम्हीच दिलंत. ती पेटी गावात कायमची राहत नसे. मुदत संपली की परत यायची आणि दुसरी पुस्तकं जायची. तुमचे किती पेनड्राइव्ह परत आले?

द्यायचंच असेल तर नुसत्या डेब देऊ नका. ॲप्ट-एफटीपीआर्काइव्ह या साधनाने यादी करा, रिलीज फाइलवर तुमच्या किल्लीने सही करा, ती सही पडताळणारी तुमची सार्वजनिक किल्ली शाळेच्या मशीनवर एकदा स्वतः जाऊन बसवा. मग पेनड्राइव्हवरूनही ॲप्ट तपासूनच बसवेल. किंवा ॲप्ट-ऑफलाइन हे साधन घ्या. शाळेच्या मशीनवर मागणीची फाइल तयार होते, ती नेट असलेल्या मशीनवर नेऊन पॅकेजेस आणायची आणि परत शाळेत बसवायची. मागणी त्याच मशीनने केलेली असते, म्हणून लायब्ररी राहून जाण्याचा प्रश्न येत नाही.

मास्तर_दांडियाबाजार
परत आले नाहीत, एकही नाही. ही चूक मला दिसली नव्हती. सहीचं या रविवारीच करतो आणि प्रत्येक पेनड्राइव्हवर भरल्याची तारीख लिहितो. कपाटातला साठा मात्र ठेवणार, त्यात बदल नाही.

मकरपुरा_सर्व्हररूम
तारखेबरोबर नियमही करा. जुना पेनड्राइव्ह हातात आल्याशिवाय नवा द्यायचा नाही. नाहीतर दोन्ही फिरतील आणि कुणीतरी जुनाच लावेल.

पाद्र्याची_शिक्षिका
हा नियम मला चालणार नाही. जुना देऊन नवा येईपर्यंत मधल्या दिवसांत एखादं मशीन बंद पडलं तर मी काय लावू? नवा आधी द्या. शाळेच्या मशीनवर चालला की जुना मी स्वतः दांडिया बाजारात आणून देईन.