बार्बेरिनी महालाचे दोन जिने

बरोक ही सतराव्या शतकातली युरोपीय कला-वास्तुशैली म्हणजे नुसता सोनेरी मुलामा, असं कुणी कुणी म्हणतं. मला ते पटत नाही. रोममधला बार्बेरिनी घराण्याचा महाल बघा. १६२३ साली माफेओ बार्बेरिनी आठवे अर्बन म्हणून पोप झाले आणि घराण्याचं नशीबच पालटलं. वास्तुकार कार्लो मादेर्नोने महालाचं काम सुरू केलं, १६२९ साली तो वारला आणि सूत्रं शिल्पकार-वास्तुकार बेर्निनीकडे आली. हाताखाली मादेर्नोचा नातलग, वास्तुकार बोरोमिनी. बंदिस्त चौकाभोवती घर बांधायची शहरातली रीत मोडून त्यांनी दोन्ही बाजूंचे सोपे पुढे काढले, मधली जागा मोकळी ठेवली.

खरी गंमत जिन्यांत आहे. बेर्निनीचा चौकोनी, ऐसपैस. बोरोमिनीचा लंबवर्तुळाकार, जोडखांबांवरून गोल गोल वर जाणारा. खाली उभं राहून मान वर केली की माथ्यावर उजेडाचा अंडाकृती तुकडा दिसतो. तिथे सोनं औषधालाही नाही! मला तरी हाच जास्त आवडतो.

दिवाणखान्याच्या छतावर पिएत्रो दा कोर्तोनाने रंगवलेल्या तीन अवाढव्य मधमाश्या हे घराण्याचं चिन्ह. मुळात त्या गोमाश्या होत्या, असं सांगतात. १९४९ साली महाल इटली सरकारने विकत घेतला. आता तिथे चित्रसंग्रहालय आहे.