कॅनडातली रानं "पुन्हा उगवतात", म्हणून हिशेब नको?

उत्तरायण (एडमंटन)
परवा इथे एकाने लिहिलं, "कॅनडाच्या वणव्यांचा बाऊ कशाला? झाड जळलं, झाड उगवलं, कार्बनची फिट्टंफाट." दोन दिवस ते डोक्यातून जात नाहीये, म्हणून स्वतंत्र धागा काढतोय.

2023 च्या मे ते सप्टेंबरात कॅनडातल्या आगींतून सुमारे 64.7 कोटी टन कार्बन हवेत गेला. कोळसा, तेल, वायू जाळून वर्षाला याहून जास्त कार्बन सोडणारे देश तीनच आहेत: चीन, अमेरिका, भारत. फिट्टंफाट व्हायला किती वर्षं लागतात ते तरी लिहायचं होतं. काळ्या स्प्रूसचं (उत्तरेतलं सूचिपर्णी झाड) रान पुन्हा भरायला दोन-तीन पिढ्या जातात. तोवर तो कार्बन वरच.

आणि जळतात ती नुसती झाडं नव्हेत. पुढच्या उन्हाळ्यात यलोनाइफला, उत्तर कॅनडातल्या शहरात, गाडीने गेलो होतो. रस्त्याकडेला स्प्रूस आडवे पडले होते, पण मोडलेले नव्हते. मुळांखालची जमीनच जळून गेली होती, म्हणून नुसते कलंडले होते. मुळांच्या जाळीत हात घातला तर मनगटापर्यंत राख. शेवाळ आणि अर्धवट कुजलेल्या पाल्याचा तो थर साठायला शेकडो वर्षं लागलेली असतात. 2014 च्या तिथल्या आगींच्या अभ्यासात दिसलं की कोवळ्या रानात पुन्हा आग लागली, तर आधीच्या वणव्यांतून वाचलेला जुना कार्बनही जातो. तो कुठून उगवणार?

हिशेबी
ती ओळ माझीच. आकडे मान्य. पण 2023 मध्ये जळलेलं बहुतेक क्षेत्र विजेने पेटलेलं होतं. वीज कोणाच्या खात्यावर मांडणार? रानाचा धूर मोजायला लागलात की तेलवाल्यांचा धूर त्यात लपतो. "आमच्यापेक्षा जंगलच जास्त सोडतं" म्हणायला ते टपलेलेच आहेत. मला त्याची चीड आहे.

उत्तरायण
वीज आधीही पडायची. 2023 ला बर्फ लवकर गेलं, मे-जून कोरडे ठणठणीत गेले. ते तापमानवाढीमुळे, हे तुम्हालाही ठाऊक आहे. आणि आत्ताची पद्धत ऐका. वणव्याचं उत्सर्जन "नैसर्गिक" म्हणून देशाच्या बेरजेत धरत नाहीत. त्याच जागेवरचं रान तोडणीच्या वयाचं झालं, की त्याने शोषलेला कार्बन मात्र बेरजेत येतो. जळताना निसर्गाचं, वाढल्यावर आमचं! याला हिशेब म्हणायचं?

तात्या लांजेकर
विजेचं तिकडे असेल. आमच्याकडे कोकणात आग माणूसच लावतो. सड्यावरचं, म्हणजे कातळमाळावरचं, गवत पेटवलं की पुढच्या वर्षी चांगलं येतं म्हणे. तीन वर्षांपूर्वी दुपारी वारा फिरला आणि माझी काजूची नव्वद कलमं गेली. मोहोर धरलेली. पंचनाम्याला आलेल्या माणसाने विचारलं, "आग कोणी लावली ते सांगा." नाव सांगून त्याच वाडीत राहायचं कसं? भरपाई शून्य. आग लावणाऱ्याला आत टाकल्याशिवाय काही होणार नाही, इथे नाही आणि कॅनडातही नाही.

रानवाट
तात्या, तुमचं नुकसान कळतं. पण "आग लावणारा तो गुन्हेगार" या एकाच विचाराने तिकडचं वाटोळं केलंय. कॅनडाच्या ब्रिटिश कोलंबिया प्रांतात 1874 च्या कायद्याने आदिवासींच्या रान जाळण्याच्या प्रथेवर बंदी आली. ते लोक ओल असताना थोडं थोडं जाळायचे. ते थांबलं आणि पालापाचोळा साठत गेला. आपल्याकडेही भाताच्या रोपांसाठी जमिनीवर पाला पसरून राब भाजतातच की.

तात्या लांजेकर
राब भाजणं आणि सडा पेटवणं एक वाटतं तुम्हाला? राब आम्ही बांधाच्या आत भाजतो, पाण्याचा हंडा जवळ ठेवून, संध्याकाळी वारा पडल्यावर. कधी हातात हिरव्या डहाळ्यांची कवळ घेऊन वणवा झोडपलाय का? माझ्या थोरल्याचा पाय भाजलाय त्यात. पुस्तकं वाचून शिकवू नका.

रानवाट
मी मेळघाटात चार वर्षं काम केलंय, पुस्तकात नाही. आणि आत्ता तुम्ही जे लिहिलंत, बांध, पाणी, वारा पाहून जाळणं, तेच मी म्हणतोय. चिडून वाचलंत म्हणून दिसलं नाही.

सुपर्णा
राब आणि काजूवरच अर्धा धागा गेला. 2023 च्या जूनमध्ये टोरांटोत होते, पोराला दमा आहे. खिडकीच्या फटींना ओले टॉवेल लावून बसलो होतो. कार्बन कोणाच्या वहीत लिहायचा ते नंतर ठरवा, पण हे विझवणार कोण?

उत्तरायण
सुपर्णाताई, कॅनडाच्या उत्तरेत वस्तीपासून लांबची आग बहुधा नुसती लक्ष ठेवून जळू देतात. अलास्कातल्या युकॉन फ्लॅट्स अभयारण्यात मात्र 2023 पासून काही भागातल्या आगी जमिनीतला कार्बन वाचवण्यासाठीच लवकर विझवायचं ठरलं. मला हवंय ते हे.
रानवाट, तुमचा उपाय दक्षिणेतल्या कोरड्या पाइनच्या रानाला लागू पडतो. उत्तरेतला स्प्रूस शेंड्यांनीच पेटत जातो, तिथे ओल्या दिवसांत थोडं थोडं जाळून भागत नाही.

रानवाट
ठीक आहे. सरसकट लिहिलं, ती चूक.

हिशेबी
तोडणीच्या वयाचा नियम मला माहीत नव्हता. तो चुकीचाच आहे. वणव्याची नोंद ठेवा, पण रकाना वेगळा हवा आणि तेलाचा आकडा त्याच्या वर हवा. यापुढे मी जाणार नाही. "फिट्टंफाट" मागे घेतो.

तात्या लांजेकर
जाळरेषा, म्हणजे आग अडवायचा मोकळा पट्टा, डिसेंबरातच काढावी लागते, गवत उभं वाळायच्या आत. यंदा मी कुंपणाबाहेर दहा हात काढलीय, शेजाऱ्याच्या सड्यात शिरून. त्याने पाहिलं. बोलला काही नाही. दुसऱ्या दिवशी त्याचा पोरगा कोयता घेऊन आला.